पुण्याजवळील एका वीटकऱ्याचें नासासंधान

(१)

लढाई संपली म्हणजे तिचा इतिहासहि संपला, अशी आपल्या बहुतेक बखरकारांची समजूत दिसते. तह ठरला, मुलुखाची वांटणी झाली, सरदारांस वस्त्रें मिळालीं, कीं बखरीचें पान उलटतें. ज्यांचे हातपाय त्या लढाईंत गेले किंवा ज्यांचे चेहरे विद्रूप झाले त्यांचें पुढें काय झालें, हें त्या पानावर नसतें. याला सन्मान्य अपवाद सभासदाचा. अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनीं जखमी लोकांस जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, असें तो नमूद करितो. परंतु द्रव्य देणें निराळें आणि अंगाला आलेली उणीव भरून काढणें निराळें. हें दुसरें काम दरबारी वैद्यांपेक्षां दरबाराबाहेरचीं माणसेंच अधिक करीत. रक्त काढणारा न्हावी, सांधे बसविणारा तालमीचा वस्ताद, तुंबड्या लावणारा वैदू, हे त्यांपैकीं होत. यांच्या विद्येला पोथी नव्हती. ती बापाच्या हातून मुलाच्या हातांत जाई. म्हणूनच दप्तरांत तिचा माग क्वचित् लागतो.

असा एक माग मात्र सुदैवानें शिल्लक आहे, आणि तो आपल्या पुण्याच्या परिसरांतला आहे. तो इंग्रजी कागदांत राहिला, मराठी कागदांत नाहीं. त्या माहितीची छाननी करणें, सुश्रुतसंहितेशीं तिचा ताडा पाहणें, आणि तिच्या आधारावर हल्लीं जीं विधानें बेधडक केलीं जातात त्यांतलीं कोणतीं टिकतात व कोणतीं टिकत नाहींत हें ठरविणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

लंडन येथें प्रसिद्ध होणाऱ्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ नांवाच्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एक पत्र छापलें आहे. पत्राखालीं ‘बी. एल.’ एवढीं दोनच अक्षरें आहेत. तीं बॅरक लाँगमेट नांवाच्या खोदकाम करणाऱ्या कारागिराचीं असावींत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पत्रासोबत एका माणसाचें चित्र व शस्त्रक्रियेच्या आकृत्या आहेत. मूळ चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचें. हा वेल्स पुण्याचे रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयानें पुण्यांत काम करीत होता. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें त्यानें काढलेलें चित्र आपल्या वाचकांस परिचित आहेच.

पत्रांतील हकीकतीचा गोषवारा येणेंप्रमाणें: कावसजी नांवाचा, शेतकरी जातीचा एक मराठा १७९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या लष्करांत बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपू सुलतानाच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. पुढें तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला आणि कंपनीनें त्यास निवृत्तिवेतन बांधून दिलें. सुमारें बारा महिने तो नाकावांचून राहिला. नंतर पुण्याजवळील, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्यास नवें नाक करून दिलें. ही क्रिया हिंदुस्थानांत पुरातन काळापासून चालत आलेली असून ती विरळा नाहीं, असें पत्रकर्ता म्हणतो. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली, असाहि निर्देश त्यांत आहे. मूळ छापांत फिंडले याचें नांव ‘ट्रिंडले’ असें पडलें आहे. पुढील ग्रंथकारांपैकीं जे दुसऱ्या नांवानें त्याचा उल्लेख करितात, त्यांनीं मूळ अंक पाहिला एवढेंच त्यावरून समजावें.

या हकीकतीचा काल आपणांस बराच नेमका ठरवितां येतो. वेल्सनें चित्र काढलें जानेवारी १७९४ मध्यें, आणि तेव्हां शस्त्रक्रियेस दहा महिने झाले होते. म्हणजे शस्त्रक्रिया मार्च १७९३ च्या सुमाराची. त्यापूर्वीं बारा महिने तो नाकावांचून होता, म्हणजे नाक गेलें तें १७९२ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. जनरल ॲबरक्रोंबीच्या हाताखालील मुंबईची फौज फेब्रुवारी १७९२ मध्यें श्रीरंगपट्टणाजवळ मुख्य सैन्यास मिळाली आणि तह झाला तो मार्चांत. तेव्हां पत्रांतील तिन्ही कालमानें एकमेकांशीं जुळतात. पत्रकर्त्यानें हीं ऐकीव गोष्टींतून रचलीं असतीं तर इतकी जुळणी आपोआप झाली नसती. या कारणास्तव हकीकतीच्या सांगाड्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

टिपूच्या क्रौर्याविषयींचा मजकूर मात्र शत्रुपक्षाच्या लेखणींतला आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. नाक कापण्याची शिक्षा एकट्या टिपूची नव्हे. ती दक्षिणेंत व उत्तरेंत अनेक राजवटींत होती, आणि पेशवाईंतील शिक्षांतहि अवयवच्छेद होताच. परंतु येथें बळी कोण, हें पाहण्यासारखें आहे. बळी शिपाई नव्हे, तर बैल हांकणारा. त्या युद्धांत फौजा तोफांपेक्षां धान्यावर अधिक अवलंबून होत्या. १७९१ च्या मे महिन्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिसचें सैन्य बैल मेल्यामुळें व दाणावैरण संपल्यामुळें मागें फिरलें, आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांबरोबर आलेल्या बाजारानें त्यास अन्न मिळालें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अशा युद्धांत बैलवाल्यास नकटा करून परत पाठविणें म्हणजे दुसऱ्या शंभर बैलवाल्यांस धाक घालणें होय.

(३)

‘कावसजी’ या नांवावरून हा गृहस्थ पारशी असावा, असें कित्येक लेखकांनीं मानलें आहे. पत्रांत त्यास स्पष्टपणें शेतकरी जातीचा मराठा म्हटलें आहे, त्यावरून तो आपल्याकडील कुणबी असला पाहिजे. मग नांवाची वाट काय? आमचा तर्क असा कीं, मूळ नांव ‘कावजी’ असावें. कावजी हें नांव मराठ्यांत जुनें आहे. शिवकालीन कावजी कोंढाळकराचें नांव वाचकांस आठवेलच. मुंबईच्या इंग्रज कारकुनाच्या कानास मात्र रोजच्या व्यवहारांतील पारशी ‘कावसजी’ परिचयाचा, त्यामुळें कावजीचा कावसजी होण्यास वेळ लागला नसावा. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. मराठी कागद मिळाल्यावांचून त्यास याहून अधिक वजन देतां येणार नाहीं.

शस्त्रकर्त्यासंबंधींहि असाच शब्दाचा प्रश्न आहे. हल्लींचे लेखक त्यास सरसकट ‘कुंभार’ म्हणतात. पत्रांतील शब्द ‘विटा करणाऱ्या जातीचा’ एवढाच आहे. आपल्याकडे विटा पाडणें व भट्टी लावणें हें काम बहुतकरून कुंभारांचेंच असल्यामुळें कुंभार हा अर्थ संभवनीय खरा, तथापि तो आपला अर्थ आहे, पत्राचा शब्द नव्हे. आम्हीं या लेखांत ‘वीटकरी’ हाच शब्द ठेविला आहे. त्याचें नांव पत्रांत नाहीं, गांवहि नाहीं.

(४)

आतां शस्त्रक्रिया. पत्रांतील वर्णन इतकें पायरीपायरीनें केलेलें आहे कीं, तें डोळ्यांनीं पाहणाऱ्यानेंच सांगितलेलें असलें पाहिजे.

प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या थोट्यावर बसवावयाचा व त्यास चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो काढून सपाट करावयाचा, कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या भोंवतीं रेघ ओढावयाची. रेघेच्या आंतील त्वचा कपाळापासून सोडवून घ्यावयाची, मात्र दोन्ही भुंवयांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न कापतां ठेवावयाची. या पट्टींतून रक्ताचा पुरवठा चालू राहतो म्हणूनच नवी त्वचा जगते. नंतर थोट्यावरील जुना वण सोलून मांस ताजें करावयाचें आणि त्याच्या लगत नाकपुड्यांच्या भोंवतालून वरच्या ओठापर्यंत एक चीर द्यावयाची. कपाळाची त्वचा खालीं आणून तिला अर्धा पीळ द्यावयाचा, म्हणजे तिची वरची बाजू वरच राहते, व तिची कड त्या चिरेंत बसवावयाची. पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पांच-सहा पट्ट्या एकीवर एक सांध्यावर लावावयाच्या. चार दिवस दुसरें कांहीं नाहीं. त्यानंतर त्या काढून तुपांत भिजविलेल्या पट्ट्या. रोग्यानें पांच-सहा दिवस उताणें पडून राहावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. सुमारें पंचविसाव्या दिवशीं भुंवयांमधली जोडपट्टी कापावयाची व आकार नीटनेटका करावयाचा. ही क्रिया बहुधा सफल होते, नाक पक्कें बसतें आणि कालांतरानें कपाळावरचा वणहि फारसा डोळ्यांत भरत नाहीं, असा पत्राचा निर्वाळा आहे.

यांत दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली मेणाची. नाक हें उंचसखल, कपाळ सपाट. उंचसखल वस्तूस किती सपाट कातडें लागेल हा हिशेब सूत्रानें करणें कठीण. वीटकऱ्यानें तो मेणानें केला, म्हणजे आधीं आकार केला आणि मग तो उलगडून क्षेत्र मिळविलें. साचा व घडण यांत ज्याचा जन्म गेला त्याच्या हातासच ही युक्ति सुचावी.

दुसरी काताची. इंग्रजींत कातास त्या काळीं जो शब्द वापरीत त्याचा अक्षरशः अर्थ ‘जपानची माती’ असा होतो, कारण युरोपीय व्यापारी कातास प्रथम माती समजले. आतां शस्त्रकर्ता वीटकरी आणि औषध ‘माती’, अशी सांगड कोणी भाषांतरकारानें घातली तर कुंभारानें जखमेवर चिखल लिंपला अशी कथा तयार होण्यास उशीर नाहीं. वस्तुतः तो पदार्थ म्हणजे खैराच्या गाभ्याचा अर्क, आपल्या विड्यांतला कात. कोंकणांतील कातकरी ज्या धंद्यावरून कातकरी झाले तोच हा कात. त्याचा कषाय रस रक्तस्राव थांबवितो, आणि वाळला म्हणजे पट्टी घट्ट धरतो. घरांतल्या पानाच्या डब्यांत व शिंक्यावरच्या भांड्यांत जें मिळतें त्यापलीकडे या शस्त्रकर्त्यास औषध लागलें नाहीं. भूल देणारीं औषधें तर तेव्हां रूढ नव्हतीं. त्यांचा सार्वत्रिक उपयोग १८४६ नंतरचा. तेव्हां हें सारें रोग्यानें शुद्धीवर असतां सोसलें, हेंहि विसरूं नये.

(५)

ही क्रिया सुश्रुताची होय, असें व्याख्यानांतून व शालेय पुस्तकांतून निःशंकपणें सांगण्यांत येतें. संस्कृताचें अध्ययन केलेल्यांनीं तरी हें विधान मूळ पाहिल्याशिवाय स्वीकारूं नये.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय कर्णव्यधबंधविधीचा आहे. त्यांत तुटलेल्या कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सांगून शेवटीं नासासंधान येतें. तेथील विधि असा: नाकाच्या मापाचें एखाद्या झाडाचें पान घ्यावें. त्या मापानें गालाच्या बाजूचें मांस, एका कडेस लागलेलें ठेवून, उचलावें. नाकाचा शेंडा खरवडून ताजा करावा आणि तें मांस त्यावर जोडून बांधावें. नाकांत दोन नळ्या घालून तें उंच करावें. वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण टाकावें, पांढऱ्या कापसानें झांकावें आणि तिळाच्या तेलानें वारंवार भिजवावें. रोग्यास तूप पाजावें आणि तें जिरल्यावर रेचक द्यावें.

आतां ताडून पाहूं. सुश्रुताचें माप पानाचें, वीटकऱ्याचें मेणाचें. तेथें त्वचा गालाची, येथें कपाळाची. तेथें नळ्या प्रथमपासून, येथें बोळे दहाव्या दिवशीं. तेथें चूर्ण व तेल, येथें कात व तूप. भेद इतके आहेत कीं, एकाची दुसऱ्यावरून नक्कल केली असें म्हणवत नाहीं. परंतु ज्या तत्त्वावर सर्व क्रिया उभी आहे तें एकच आहे. त्वचा पुरती तोडावयाची नाहीं, एका अंगास जिवंत लागलेली ठेवावयाची, आणि जुना वण ताजा केल्यावांचून जोड द्यावयाचा नाहीं. हें तत्त्व सुश्रुतांत निःसंशय आहे, आणि त्याचें श्रेय त्यास देण्यास कोणाचीहि हरकत नसावी. कपाळाच्या त्वचेचें श्रेय मात्र सुश्रुतास देतां येत नाहीं. तेथील शब्द गंडपार्श्व आहे. गंड म्हणजे गाल. त्याचें कपाळ करण्यास कोणताहि कोश मदत करणार नाहीं.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुश्रुताची जी संहिता आपण सर्व वाचतों ती मुख्यतः मुंबईच्या निर्णयसागराच्या, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधलेल्या प्रतीवरून. ती डल्हणाच्या टीकेस धरून आहे, आणि डल्हण बाराव्या शतकाच्या सुमाराचा. काठमांडू येथील केसर ग्रंथालयांत मात्र याच संहितेची इसवी सन ८७८ मध्यें लिहिलेली ताडपत्राची प्रत आहे. तिच्या आधारें प्रस्तुत कान-नाकाच्या अध्यायाचें स्वतंत्र संशोधित संस्करण २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां या अध्यायावर यापुढें लिहिणाऱ्यानें एकट्या छापील प्रतीवर विसंबून भागणार नाहीं.

(६)

मग कपाळाची रीति केव्हांची? या प्रश्नावर सर्वांत मोलाची साक्ष निकोलाव मानुची या व्हेनिसच्या प्रवाशाची आहे. औरंगजेबाच्या विजापूरवरील मोहिमेसंबंधीं तो लिहितो कीं, मोंगलांच्या छावणींतील माणसें पाला, वैरण वगैरे आणण्यास बाहेर पडलीं म्हणजे विजापूरचे लोक त्यांस गांठीत. तीं ठार न करितां त्यांचीं नाकें कापून सोडून देत, आणि तीं रक्तबंबाळ होऊन छावणींत परत येत. त्या प्रांतांतील शस्त्रवैद्य भुंवयांच्या वरची कपाळाची त्वचा कापून, तिला पीळ देऊन, ती नाकाच्या जखमेवर उतरवीत. अशा नाकांचीं पुष्कळ माणसें आपण पाहिलीं, त्यांच्या भुंवयांमध्यें वण राहिलेला असे, आणि नाक अजिबात नसण्यापेक्षां तीं पुष्कळ बरीं दिसत, असें तो सांगतो.

विजापूर पडलें सप्टेंबर १६८६ मध्यें. म्हणजे कावसजीच्या शंभर वर्षें आधीं हीच रीति, हाच पीळ, दक्षिणेंतच, आणि युद्धांत नकट्या झालेल्या अशाच चाकरमान्या माणसांवर, चालू होती. विजापूर व पुणें यांतील अंतर तें किती! या दोन साक्षी एकत्र केल्या म्हणजे असें म्हणण्यास जागा होते कीं, कपाळाच्या त्वचेचें नासासंधान ही दख्खनच्या कारागीर शस्त्रवैद्यांची निदान शतकभर चाललेली परंपरा होती. उत्तरेस कांगडा येथेंहि नाक जोडणाऱ्यांची प्रसिद्धि होती, आणि पुढें जुनागड संस्थानचे वैद्यकाधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं दरोडेखोरांनीं नाकें कापलेल्या लोकांवर ही क्रिया करून १८८९ सालीं शंभरांवर रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ग्रंथ आणि हात यांची फारकत झाली असतां हातानें विद्या कशी जगविली, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

(७)

लंडनमधील पत्राचा परिणाम सावकाश पण मोठा झाला. जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तें वाचून वीस वर्षें त्याचा पाठपुरावा केला, प्रेतांवर प्रयोग केले, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं पहिली शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण औषधांतील पाऱ्यानें नाक गमावलेला एक लष्करी अधिकारी होता. दुसरा रुग्ण कॅप्टन लॅथम. १६ मे १८११ रोजीं स्पेनमधील अल्बुएराच्या लढाईंत आपल्या पलटणीचें निशाण वाचवितांना तरवारीनें त्याचें नाक व एक हात गेला होता. त्याच्या उपचाराचा खर्च युवराजानें सोसला. कार्प्यूचा ग्रंथ १८१६ त निघाला, १८१८ त बर्लिनच्या ग्रेफेचा निघाला, आणि कपाळाच्या त्वचेची ही रीति युरोपांत ‘हिंदी पद्धति’ या नांवानें रूढ झाली. पहिल्या महायुद्धांत चेहरे उडालेल्या शिपायांसाठीं इंग्लंडांत सिडकप येथें १९१७ सालीं रुग्णालय निघालें. तेथें हॅरॉल्ड गिलीजनें जें काम केलें त्याच्या मुळाशींहि त्वचा एका अंगास जिवंत ठेवण्याचें हेंच तत्त्व आहे.

कावसजी व लॅथम यांची तुलना सहज मनांत येते. दोघांचेंहि युद्धांत नाक गेलें व एकेक हात गेला. दोघांसहि हात परत मिळाला नाहीं, नाक मिळालें. पण लॅथमचें नांव त्याच्या पलटणीनें पदक पाडून जतन केलें, आणि कावसजीचें नांव आपणांस धड उच्चारतांहि येत नाहीं. लॅथमच्या शस्त्रवैद्याचा ग्रंथ आहे, कावसजीच्या शस्त्रवैद्यास नांव नाहीं. ज्यानें पत्र लिहिलें त्याच्या दोन आद्याक्षरांवर विद्वानांनीं परिश्रम केले. ज्यानें नाक केलें त्याच्याविषयीं ‘विटा करणाऱ्या जातीचा एक माणूस’ यापुढें कोणी विचारलें नाहीं.

वास्तविक त्या माणसानें केलेलें काम जीव वाचविण्याचें नव्हतें. कावसजीची जखम वर्षभरापूर्वींच भरलेली होती. कंपनीच्या निवृत्तिवेतनावर तो जगलाहि असता. परंतु ज्या भाषेंत अब्रू जाण्यास नाक कापलें जाणें म्हणतात आणि अब्रू सांभाळण्यास नाक राखणें म्हणतात, त्या भाषेच्या माणसास नकटें होऊन गांवांत वावरणें म्हणजे काय, हें आपण जाणतों. वेतनानें त्याचें पोट भरलें, वीटकऱ्यानें त्यास चारचौघांत बसतें केलें. युद्ध किंवा आपत्ति यांतून वांचलेल्यांस ज्या उपचारांची गरज असते त्यांतील हा भाग सरकारी हिशेबांत कधींच धरलेला नसतो. तो नेहमीं कोणा अनाम माणसाच्या हातूनच होतो.

(८)

सारांश, आमचे निष्कर्ष असे: पत्रांतील हकीकत कालदृष्ट्या विश्वसनीय आहे. रुग्ण पारशी नसून कुणबी मराठा होता. कपाळाच्या त्वचेची रीति सुश्रुतोक्त नसून दख्खनच्या कारागिरांची आहे, आणि ती १६८६ च्या सुमारास विजापूर प्रांतांत प्रचलित होती. तिच्या बुडाशीं असलेलें तत्त्व मात्र सुश्रुतास ठाऊक होतें. त्या दोहोंमधील दुवा अद्याप सिद्ध झालेला नाहीं, आणि तो सिद्ध झाल्याचें भासविणें हें सुश्रुताच्या गौरवासहि पोषक नाहीं.

राहिली एक विनंति. जुन्या घराण्यांतून बाडें विकत घेतांना संग्राहक बहुधा तहनामे, वंशावळी व काव्यें पाहतात. औषधांच्या टिपणांचीं सुटीं पानें ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, आणि कुंभार, न्हावी, वैदू यांच्या घरचे कागद तर पाहिलेच जात नाहींत. गांवच्या वतनांच्या यादींत, देणग्यांच्या नोंदींत, १७९२–९३ च्या सुमाराच्या पुणें प्रांताच्या हिशेबांत कोठें ‘नाक केलें’ एवढे दोन शब्द आढळले, तरी तें पान राखून ठेवावें व त्रैमासिकाकडे त्याची नक्कल पाठवावी. एका वीटकऱ्याचें नांव त्यांत निघालें, तर तें एखाद्या तहनाम्याहून कमी मोलाचें ठरणार नाहीं.